घर घेण्याआधी वकिलाचा उंबरठा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हण खरी आहे. परंतु तिचा अर्थ पुष्कळांनी भलताच करून घेतला आहे. कोर्टाची पायरी चढू नये म्हणजे वकिलाचेही तोंड पाहू नये, अशी अनेक कुटुंबांची समजूत असते. वास्तविक कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग टळावा, म्हणूनच वकिलाचा उंबरठा वेळीच ओलांडावा लागतो. घराच्या खरेदीविक्रीत तर हे विशेषच खरे आहे.

तापीकाठच्या सुरत शहरात मराठी भाषिकांची वस्ती मोठी आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून यंत्रमागावर किंवा कापडाच्या रंगाई-छपाईच्या कामावर आलेली कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा अशा भागांत स्थिरावली. भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस वर्षे काढल्यावर अशा कुटुंबाला स्वतःच्या घराची ओढ लागते. गृहिणीचे दागिने, गावाकडच्या शेतातील हिस्सा, फंडाची रक्कम आणि बँकेचे कर्ज असे सारे एकत्र करून आयुष्यातील हा सर्वांत मोठा व्यवहार होतो. आणि तोच व्यवहार बहुधा सर्वांत कमी विचारपूस करून होतो. बाजारात दहा रुपयांची मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहणारा गृहस्थ तीस लाखांचे घर दलालाच्या शब्दावर घेतो.

दलाल कागद दाखवीत नाही असे नाही. तो लाइटबिल दाखवितो, महापालिकेच्या कराची पावती दाखवितो, नोटरीचा शिक्का मारलेला करार दाखवितो. सुरत महापालिकेचे मुख्य कार्यालय मुगलीसरा येथे १६४४ साली बांधलेल्या मोगलकालीन सराईत आहे. तिच्या कराच्या वहीत नाव चढले की मालकी पक्की झाली, असे भोळेपणाने मानले जाते. परंतु कर कोणाकडून वसूल करावा, एवढेच ती वही सांगते. घर कोणाचे, हे ती सांगत नाही. वीज कंपनीच्या बिलाचीही हीच गोष्ट आहे.

मालकी कशाने मिळते, हे कायद्याने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्रीचा नुसता करार केल्याने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त सह्या झाल्यापासून सामान्यतः चार महिन्यांच्या आत, ज्या हद्दीत मिळकत आहे तेथील सबरजिस्ट्रारपुढे हजर करावा लागतो. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधून घर ‘विकण्याची’ रीत देशात पुष्कळ ठिकाणी पडली होती. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप कंपनीच्या प्रकरणात अशा कागदांनी मालकी मिळत नाही, असा स्पष्ट निर्णय दिला. तरीही असे कागद देऊन पैसे घेणारे आणि पैसे देऊन असे कागद घेणारे आजही भेटतात.

येथे प्रश्न येतो की वकील गाठायचा तो कोणता. मुंबईत सॉलिसिटर नावाचा निराळा वर्ग हायकोर्टाच्या परंपरेतून निर्माण झाला. मिळकतीचे कागद तपासणे आणि दस्त लिहिणे हे त्याचे खास काम. सुरतेत हे काम दिवाणी वकिलांपैकी काही जण करतात. फौजदारी खटल्यात नाव कमावलेला वकील या कामात तितकाच वाकबगार असेल असे नाही. हृदयरोगावर दाताच्या डॉक्टरचे औषध कोणी घेत नाही. तोच विवेक येथे हवा. त्याचप्रमाणे गावाकडचा नात्यातील वकील कितीही प्रामाणिक असला, तरी सुरतेच्या घरासाठी तो पुरेसा नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सुरत गुजरातेत राहिली. पूर्वीचा महसूल कायदा दोन्हीकडे एक होता. परंतु महाराष्ट्राने १९६६ मध्ये आपली नवी जमीन महसूल संहिता केली, तर गुजरातेत १८७९ चीच संहिता वेळोवेळी दुरुस्त होत चालत आली. शब्दही बदलले. जळगावचा माणूस ज्याला साठेखत म्हणतो, त्याला सुरतेत बानाखत म्हणतात. खरेदीखताला तेथे वेचाण दस्तावेज हे नाव आहे. फेरफाराची ती नोंध, बिनशेतीची ती बिनखेती. इमारत राहण्यास योग्य झाल्याच्या भोगवटा प्रमाणपत्राला तेथे ‘बी. यू. परवानगी’ म्हणतात. दस्त बहुधा गुजराती लिपीत असतो. ज्याला तो वाचता येत नाही, त्याने तो ओळन्‌ओळ वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय अंगठ्याचा ठसा देऊ नये.

शब्दांच्या पलीकडे काही बाबी अशा आहेत की त्या स्थानिक माणसालाच दिसतात. त्यांपैकी पहिली नगररचना योजनेची, म्हणजे लोकांच्या भाषेत टी. पी. स्कीमची. गुजरातेत १९७६ च्या कायद्याने या योजना मोठ्या प्रमाणावर राबविल्या जातात. तीत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, शाळा, बागा यांसाठी काही भाग कापून घेतात आणि उरलेली जमीन नव्या आकाराने मालकांना परत देतात. जुना खंड आणि अंतिम खंड यांचे क्रमांक व जागा वेगवेगळ्या असू शकतात. कागदावर एक जमीन आणि पायाखाली दुसरी, असा प्रकार त्यातून घडतो. आणि एखादे घर उद्याच्या रस्त्यावर उभे असल्याचे नकाशा उघडल्यावरच कळते.

दुसरी बाब जमिनीच्या प्रकाराची. शहराच्या कडेला शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून, बिनखेतीची परवानगी न घेताच ते विकल्याची उदाहरणे आढळतात. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकण्यास कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने मनाई आहे. काही जमिनी ‘नवी शरत’ या प्रकारच्या असतात. त्या सरकारच्या संमतीशिवाय आणि ठरलेली रक्कम भरल्याशिवाय विकता येत नाहीत. तिसरी बाब १९९१ च्या कायद्याची. लोक त्याला अशांत धारा म्हणतात. तो लागू केलेल्या भागांत मिळकत विकण्यापूर्वी कलेक्टरची परवानगी घ्यावी लागते, आणि सुरतेतील काही वस्त्या त्याच्या यादीत घातल्या गेल्या आहेत. कोणती गल्ली यादीत आहे आणि कोणती नाही, हे परगावच्या वकिलाला कसे ठाऊक असणार?

इमारतीच्या परवान्याकडे तर लोक फारच सहज पाहतात. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केडला आग लागली आणि शिकवणीस आलेल्या बावीस जणांचे प्राण गेले. त्यानंतरच्या चौकशीत वरच्या मजल्यावरील बेकायदेशीर बांधकामाचा प्रश्न पुढे आला. परवान्याचा कागद हा केवळ कारकुनी कागद नसतो, त्याच्याशी माणसांचे जीव बांधलेले असतात, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळले.

वकील स्थानिक असावा, तसाच तो स्वतःचा असावा. पुष्कळांचे म्हणणे असते की बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आहेत, मग आणखी खर्च कशाला? बँकेचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही हे पाहतो. घेणाऱ्याची स्वतःची पुंजी, ताबा मिळण्याची तारीख, गाडी ठेवण्याची जागा, सोसायटीची थकबाकी यांची काळजी करणे हे त्याचे काम नव्हे. बिल्डरचा वकील तर उघडच बिल्डरचा. एका पक्षाचे काम केलेल्या वकिलाने त्याच वादात विरुद्ध पक्षाचे काम करू नये, असा वकिलीच्या आचारसंहितेचा नियम आहे. जो उद्या आपल्या बाजूने उभा राहू शकणार नाही, त्याच्या सल्ल्यावर आज विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

असा वकील शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. तेव्हा फलक आणि पत्रके पाहून निवड करता येत नाही. गेल्या चार-पाच वर्षांत त्याच भागात घर घेतलेल्या दोन-तीन कुटुंबांना विचारावे. विचारताना ‘वकील चांगला आहे का’ एवढेच विचारू नये. त्याने कागद किती दिवसांत पाहिले, एखादा व्यवहार करू नका असे सांगितले का, फी आधी ठरली होती का, हे विचारावे. जो वकील कधीच नाही म्हणत नाही, त्याच्या होकाराला किंमत नसते. त्याच्याकडे बार कौन्सिलची सनद आहे, याची खात्री करावी; कचेरीबाहेर बसणारा दस्त-लेखक उपयोगी माणूस असला, तरी तो वकील नव्हे. भेटीत फी, सरकारी खर्च आणि कामाची यादी लिहून मागावी. जो दलालाच्या ओळखीनेच येतो आणि दलालापुढेच बोलतो, त्याला दूरच ठेवावे.

आणि ही भेट बाना, म्हणजे इसार देण्यापूर्वी व्हावी. पैसे गुंतल्यावर घेतलेला सल्ला बहुधा पश्चात्तापाचाच असतो. चांगला वकील मागील तीस वर्षांच्या नोंदी शोधतो, कारण गहाण सोडवून घेण्याची मुदत १९६३ च्या कायद्याने तीस वर्षांची आहे. तो मूळ दस्त मागतो. ते हरवले असे सांगितले जाते, तेव्हा ते एखाद्या बँकेच्या तिजोरीत तारण तर नाहीत ना, याचा तपास करतो. तो वारस मोजतो. बापाच्या नावचे घर दोन भाऊ विकतात आणि सासरी गेलेल्या बहिणीची सही घ्यायला विसरतात, असे पुष्कळदा घडते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तो स्थानिक गुजराती दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो. शेवटी आपले मत लेखी देतो. तोंडी ‘टायटल क्लिअर आहे’ या शब्दांना आधार नाही.

नवीन बांधकामात घर घ्यावयाचे असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. करार नोंदविल्यावाचून बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दस्तात किंमत कमी दाखविण्याचा सल्ला दलाल देईल. तो ऐकू नये. दस्तात न लिहिलेला पैसा व्यवहार फिसकटल्यावर परत मागणे फार कठीण. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी एक टक्का आहे. खरेदीदार केवळ स्त्री असल्यास ती फी माफ होते. म्हणजे तीस लाखांचे घर गृहिणीच्या नावे घेतले, तर तीस हजार रुपये वाचतात. वकिलाची फी जड वाटणाऱ्यांनी हा हिशेबही करून पाहावा.

विकणाऱ्यालाही वकील लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पैसे पूर्ण हाती येण्याआधी ताबा द्यावा का, चेक वटला नाही तर काय, कर्ज फेडल्याचा दाखला आणि बँकेतील मूळ कागद केव्हा सोडवावे, मिळकतीतील दोष कितपत सांगावे, हे प्रश्न त्याचे आहेत. घेणाऱ्याला सहज दिसणार नाहीत असे महत्त्वाचे दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य १८८२ च्या कायद्यानेच सांगितले आहे. लपविलेला दोष पुढे विकणाऱ्याच्याच दारात उभा राहतो.

दस्त नोंदला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर किंवा गावच्या दप्तरी नोंध पडली पाहिजे, सोसायटीच्या दप्तरात आणि कराच्या वहीत नाव बदलले पाहिजे. नेमक्या याच वेळी नव्या घराच्या आनंदात लोक कागदांची पिशवी कपाटात टाकून देतात, आणि वीस वर्षांनी मुलांना ती घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

घराच्या किमतीत चुना, विटा, सिमेंट आणि जागा यांचा हिशेब सारेच धरतात. निर्धास्त झोपेचा हिशेब त्यात कोणी धरत नाही. ज्या घराचे कागद स्वच्छ, त्या घरातच ती झोप मिळते. मग ते घर दोन खोल्यांचे का असेना.