मोटारीची आगाडी

अकलूजच्या घोडेबाजारांत विक्रीसाठीं आलेला घोडा कसा बांधलेला असतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पुढून आगाडी आणि मागून पिछाडी असे दोन्ही दोर पक्के झाल्याखेरीज त्याचा धनी जागचा हलत नाहीं. एकच दोर बांधून खुशाल चहास निघून जाणारा मालक त्या बाजारांत शोधून सांपडावयाचा नाहीं. परंतु त्याच अकलूजांत, आणि तेथेंच कशाला, पुण्यामुंबईसहि, घोड्याइतक्याच मोलाची मोटार दाराशीं उभी करून आपण निर्धास्त निजतों. दारें बंद केलीं, किल्ली खिशांत टाकली, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें. मोटारीची आगाडी मोकळीच राहिली आहे, हें आपल्या ध्यानींमनींहि नसतें. ही आगाडी म्हणजे इंजिनावरचें झांकण; आपण सारे ज्याला बॉनेट म्हणतों तें. आज त्याविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

विषय क्षुल्लक आहे असें मलाहि एके काळीं वाटत असे. तें मत कसें बदललें तें प्रथम सांगतों. माझे मामा अकलूजला राहतात. वय सत्तरीच्या पुढें. एका ऊस-हंगामांत मी त्यांच्याकडे चार दिवस उतरलों होतों. पहांटे तीनच्या सुमारास मामींनीं मला हलवून उठविलें. “अरे, ऊठ. ह्यांच्या छातींत कळ आली आहे. गाडी काढ.” मी धांवत अंगणाबाहेर गेलों, किल्ली फिरविली; गाडी हूं कीं चूं करीना. दिवाहि लागेना. उतरून पाहतों तों बॉनेट नीट बसलेलें नव्हतें. तें वर उचललें, तर बॅटरीची जागा रिकामी आणि दोन तारा तुटून लोंबत असलेल्या! मग शेजाऱ्यांचीं दारें ठोठावणें, त्यांची जीप काढणें, मामांना हातांवर उचलून तिच्यांत बसविणें, यांत अर्धा तास गेला. दैव बलवत्तर म्हणून मामा बचावले. पुढें घरीं आल्यावर ते मला म्हणाले, “बाळ, बॅटरी गेली त्याचें मला कांहीं वाटत नाहीं. पण तो अर्धा तास मात्र त्यानें माझ्या आयुष्यांतला चोरला.”

श्रोतेहो, चोरीचा हिशेब आपण रुपयांत करतों, आणि तेथेंच चुकतों. बॅटरी पांच-सहा हजारांची असेल. परंतु ती कोणत्या घटकेस नाहींशी झालेली आढळेल, हें आपल्या हातीं नसतें.

आतां चोरानें हें केलें कसें? मामांच्या गाडीचें एक दार कुलूप न लावतांच राहिलें होतें. “आपल्या गांवांत कोण काय नेतो” हा त्यांचा जुना विश्वास. बहुतेक मोटारींत चालकाच्या गुडघ्याजवळ एक लहानसा खटका असतो. त्यापासून निघालेली तार पुढें बॉनेटच्या कडीपर्यंत जाते. खटका ओढला कीं मुख्य कडी सुटते आणि झांकण बोटभर वर येतें. त्याखालीं एक दुसरी आंकडी असते, ती बोटानें सरकविली कीं झांकण पूर्ण उघडतें. ही दुसरी आंकडी चोरासाठीं नाहीं, आपल्यासाठीं आहे. मुख्य कडी चुकून सुटली तर धांवत्या गाडीचें झांकण वाऱ्यानें उलटून कांचेवर आदळूं नये, एवढाच तिचा हेतु. म्हणजे बॉनेटचें खरें कुलूप म्हणून निराळें कांहीं नसतेंच. गाडीच्या दाराचें कुलूप हेंच त्याचें कुलूप. दार उघडें, कीं सारेंच उघडें. पुढचें काम दोन-चार मिनिटांचें. एक पाना घेऊन दोन नट ढिले करावयाचे, किंवा तेवढाहि धीर नसेल तर तारा कापावयाच्या.

पूर्वींची स्थिति याहून वाईट होती. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचें झांकण बाहेरच्या खटक्यांनीं बसविलेलें असे. रस्त्यानें जाणारा कोणीहि तें उघडूं शके. दुसऱ्या महायुद्धांतल्या विलिज जीपचें झांकणहि दोन बाजूंच्या दोन बाहेरच्या कड्यांनींच आवळलेलें असे. आपल्याकडे खेडोपाडीं जीपगाड्या आल्या, तेव्हां कित्येक धोरणी मालकांनीं त्या कडीला लहानसें कुलूप घातलें. तो उपाय गांवठी खरा, पण त्यामागची बुद्धि पक्की होती.

चोराला बॉनेटखालीं हवें तरी काय असतें? पहिली बॅटरी. तिच्यांत शिसें असतें. शिसें वितळविलें कीं त्याच्यावर कोणाचें नांव राहत नाहीं, आणि म्हणून तें विकणें सोपें. ऊस-हंगामांत कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर आणि मालमोटारी रात्र रात्र रांगेंत उभ्या असतात, चालक दमून झोंपीं गेलेले असतात. अशा ठिकाणीं तर बॅटरी उघड्यावरच असते. दुसरी वस्तु म्हणजे ई.सी.एम., म्हणजे इंजिनाचा मेंदू. ही चपटी पेटी पुष्कळ गाड्यांत बॉनेटखालींच बसविलेली असते. अलीकडच्या गाडीच्या किल्लींत एक चिप असते. ती ओळखल्याखेरीज हा मेंदू इंजिन चालूं देत नाहीं. म्हणून निर्ढावलेले चोर मूळची पेटी काढून आपल्याजवळची दुसरी बसवितात आणि गाडीच घेऊन जातात. तेव्हां बॉनेटचें रक्षण म्हणजे केवळ बॅटरीचें नव्हे, तर सबंध गाडीचेंहि रक्षण होय.

येथें एक सावधगिरीची सूचना देतों. बॉनेट पक्कें केलें म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. २०२२ सालीं लंडनमध्यें मोटारींच्या संगणक-सुरक्षेचें काम करणाऱ्या एका तज्ज्ञाची स्वतःचीच गाडी चोरीस गेली. तपासांत असें दिसलें कीं, चोरांनीं पुढच्या दिव्याजवळच्या तारांना आपलें यंत्र जोडून गाडीला खोटा हुकूम दिला होता. आपल्याकडेहि २०२० नंतर ईको गाड्यांचे सायलेन्सर पोटाखालून काढून नेण्याचे प्रकार महाराष्ट्रांत व गुजरातेंत घडले. कारण धूर शुद्ध करणाऱ्या भागांत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातु असतात. चोर नेहमीं कच्ची बाजू शोधतो. परंतु म्हणून उघडी बाजू उघडीच ठेवावी, असा अर्थ कोणी काढूं नये.

आतां उपाय. पहिला उपाय फुकटचा आहे. गाडीचें प्रत्येक दार बंद आहे व प्रत्येक कांच पूर्ण वर आहे, हें रात्रीं स्वतः हातानें पाहावें. दुसराहि फुकटचाच. अंगणांत भिंत असेल तर गाडीचें नाक भिंतीला वीतभर अंतरावर लावून उभी करावी. बॉनेट पुढून उघडतें. पुढें मनुष्यास उभें राहावयास जागाच नसेल, तर आंकडीपर्यंत हात जाणें कठीण होतें. तिसरा उपाय उजेडाचा. दिव्याखालीं उभी असलेली गाडी अंधारांतल्या गाडीपेक्षां नेहमींच सुरक्षित.

चौथा उपाय मेस्त्रीकडचा. बॉनेटला किल्लीचें वेगळें कुलूप बसवून मिळतें. तसेंच बॅटरीवरची पट्टी साध्या पान्यानें न सुटणाऱ्या खास नटानें आवळतां येते. गाडीस घंटा बसविलेली असेल, तर बॉनेट उघडतांच ती वाजते कीं नाहीं, हें एकदां करून पाहावें. कित्येक घंटा दारापुरत्याच जोडलेल्या असतात. मात्र कुलूप बसवितांना दोन पथ्यें पाळावींत. मूळची कडी किंवा ती दुसरी आंकडी काढूं देऊं नये. तिच्यावर आपला जीव अवलंबून आहे. आणि नव्या कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीबरोबरच ठेवावी. इंजिनांतून धूर येऊं लागला आणि किल्ली घरच्या कपाटांत राहिली, तर चोरासाठीं लावलेलें कुलूप आपल्यालाच भोंवेल. सांखळदंड गुंडाळून बॉनेट जखडण्याचा उपाय याच कारणासाठीं मी कोणास सांगणार नाहीं.

पांचवा उपाय दौतलेखणीचा. बॅटरीवर आपल्या गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा, बॅटरीचा स्वतःचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा, आणि हमीपत्र जपून ठेवावें. चोरी झाल्यास फिर्याद देतांना ‘एक बॅटरी’ एवढेंच लिहिण्यापेक्षां क्रमांक लिहिला, तर सांपडलेला माल आपला म्हणून ओळखतां येतो. विम्याचा कागदहि एकदां वाचून पाहावा. बॅटरीच्या दाव्यांत साधारणपणें निम्मी किंमत घसाऱ्यापोटीं वजा होते, हें पुष्कळांस दावा केल्यावरच कळतें.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे, तरी सांगतों. चोर बॅटरी घरीं मांडून ठेवण्यासाठीं नेत नाहीं. ती कोणी तरी घेतो म्हणून तो नेतो. आपणच कधीं पावतीवांचून, निम्म्या किमतींत, “चालू स्थितींतली” बॅटरी घेतों, आणि आपण व्यवहार चांगला केला म्हणून खुष होतों. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें, चोरीचा माल आहे हें जाणून किंवा तसें मानण्यास कारण असतांहि तो अप्रामाणिकपणें घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. कायदा दूर ठेवला तरी एवढें लक्षांत घ्यावें कीं, ती स्वस्त बॅटरी कोणाच्या तरी मामांच्या गाडींतली असूं शकेल, आणि ती रात्रहि त्यांच्या घरीं तशीच उजाडली असेल.

माझे मामा आतां रोज रात्रीं निजण्यापूर्वीं काठी टेकीत अंगणांत येतात. चारहि दारें ओढून पाहतात, बॉनेटवर हातानें दाबून तें बसलें आहे ना याची खात्री करतात, आणि मगच दिवा मालवतात. मामी हंसून म्हणतात, “ह्यांनीं घोडाच पाळला आहे जणूं!” मामा त्यावर कांहीं बोलत नाहींत. आपणहि आज निजण्यापूर्वीं एकवार अंगणांत जाऊन यावें, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.