इंग्रजीतले ‘जर-तर’



प्रतीत्यसमुत्पाद ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ‘जर-तर’ नवे नाही. तरी नोकरीच्या अर्जात ती नेमकी तिथेच अडखळतात. वह्या तपासताना आम्हाला दिसते की, ही चूक बुद्धीची नाही, मराठीच्या सवयीची आहे.

‘तो आला तर मी देईन.’ यातला ‘आला’ भूतकाळी दिसतो, म्हणून मुलगा लिहितो, ‘इफ ही केम, आय विल गिव्ह’. दुसरा लिहितो, ‘इफ ही विल कम’. हवे असते ‘इफ ही कम्स’. पुढची गोष्ट असली तरी ‘इफ’च्या भागात ‘विल’ सहसा येत नाही.

सर्वांत चिवट चूक निराळीच. ‘कळले असते तर आलो असतो’, इथे ‘असते-असतो’ दोन्हीकडे. म्हणून ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’. इंग्रजीत ‘वुड’ दुसऱ्याच भागात; पहिल्यात ‘इफ आय हॅड नोन’. गंमत अशी की, इंग्रजी मातृभाषा असलेलेही बोलताना हीच चूक करतात. त्यांना कोणी अडवत नाही; आपल्या पोराच्या अर्जावर मात्र लाल रेघ पडते.

पुढच्या रविवारी आपापला अर्ज घेऊन या. नाव झाकून आणा, वाक्ये मात्र लिहिली तशीच ठेवा.