संघनायक आणि पालक

(बालवीर पथकांतील मुलांच्या पालकांपुढे केलेले भाषण)



मुलाचे नाव बालवीर पथकात घातल्यावर पालक प्रथमच पथकाच्या मैदानावर येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “येथे प्रमुख कोण?” उत्तरादाखल त्याला स्काउटमास्तर दाखवले जातात. ते मैदानाच्या कडेला उभे असतात. आणि मैदानाच्या मध्यभागी तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आपल्या सहा-सात सोबत्यांना दोरीच्या गाठी शिकवीत असतो. त्यांतल्या एकाची गाठ पुनःपुन्हा सुटते. स्काउटमास्तरांना ते दिसत असते, तरी ते जागचे हलत नाहीत. नव्या पालकाला याचा उलगडा होत नाही. जाणत्या माणसाने पुढे होऊन गाठ दाखवली, तर दोन मिनिटांत काम होईल. मग तो स्वस्थ का उभा? या स्वस्थ उभे राहण्यामागे एक विचार आहे, आणि तो समजल्यावाचून बालवीर चळवळीतील नेतृत्व समजत नाही.

नेतृत्वाविषयीची प्रौढांची कल्पना घर, शाळा आणि कचेरी यांवरून बनलेली असते. तिन्ही ठिकाणी हुकूम वरून खाली येतो. वर्गातला मॉनिटर शिक्षकांच्या गैरहजेरीत बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. त्याच्या हाती खडू असतो, निर्णय नसतो. पथकातला संघनायक हा असा मॉनिटर आहे, असे पालक गृहीत धरतो आणि तेथेच त्याची गफलत होते. पथक हे सहा ते आठ मुलांच्या संघांचे बनलेले असते. प्रत्येक संघाचा नायक त्या मुलांपैकीच एक असतो, आणि त्याच्यावर सोपवलेले काम खरोखरच त्याचे असते.

ही कल्पना कोठून आली? दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला १८९९ च्या ऑक्टोबरात वेढा पडला आणि तो २१७ दिवस टिकला. गावाच्या बचावाची सूत्रे रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या हाती होती. माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा त्याच्या हाताखालील लॉर्ड एडवर्ड सेसिल याने गावातील मुलांची एक तुकडी उभारून निरोप पोचवण्यासारखी कामे तिच्यावर सोपवली. तिचा नायक वॉर्नर गुडइयर हाही एक मुलगाच होता. मुलांवर विश्वासाने काम टाकले, की ती त्या कामाच्या उंचीची होतात, ही गोष्ट बेडन-पॉवेलच्या मनात ठसली.

पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्याने वीसेक मुलांचे शिबिर भरवले. त्यांत नामांकित विद्यालयांतील श्रीमंतांची मुले होती आणि कष्टकऱ्यांचीही होती. त्यांचे चार संघ केले : लांडगा, बैल, डोमकावळा, आणि कर्ल्यू हा पाणपक्षी. प्रत्येक संघावर एक मोठा मुलगा नायक नेमला आणि संघाच्या वागणुकीची जबाबदारी त्याच्यावर टाकली. दुसऱ्या वर्षी, १९०८ मध्ये, त्याचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले आणि ही पद्धत देशोदेशी गेली. मुलींच्या गाइड पथकांनीही तीच स्वीकारली.

पथकाच्या आकारासंबंधीचे बेडन-पॉवेलचे मत येथे सांगण्याजोगे आहे. स्वतःला एका वेळी सोळा मुलांपलीकडे नीट लक्ष देता येत नाही, असा त्याचा अनुभव होता. इतर लोक आपल्यापेक्षा दुप्पट कर्तबगार असतील असे धरून त्याने पथकाची मर्यादा बत्तीस सुचवली. यातील विनोद बाजूला ठेवला, तरी एक हिशेब उरतो. एक प्रौढ बत्तीस मुलांचे गुणदोष ओळखू शकत नाही. परंतु तो चार संघनायकांना ओळखू शकतो, आणि प्रत्येक संघनायक आपल्या सात सोबत्यांना ओळखू शकतो.

भारतात या विश्वासाच्या प्रश्नाला आणखी एक धार होती. १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक निघाले, ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच. हिंदी मुलांच्या हाती अशी संघटना द्यावी की नाही, याविषयी तत्कालीन सरकार साशंक होते. तेव्हा हिंदी मुलांसाठी ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला १९१६ साली निराळी संघटना काढली. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर पथके उभी केली. कुंभमेळ्याच्या गर्दीत हरवलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवण्याचे काम बालवीरांनी केले आहे. अशा गर्दीत घडोघडी वरिष्ठांना विचारायला जाता येत नाही. समोरच्या मुलालाच ठरवावे लागते. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संघटना स्थापन झाली आणि १९५१ मध्ये गाइड संघटनाही तीत सामील झाली. आमची मुले जबाबदारी पेलतील की नाही, हा प्रश्न एके काळी परक्या सरकारने विचारला होता. आज तोच प्रश्न पुष्कळदा आईबापच विचारतात.

आता पथकाचा कारभार कसा चालतो ते पाहू. संघात प्रत्येकाला काही काम असते : एक भांडार सांभाळतो, एक हिशेब ठेवतो, एक प्रथमोपचाराची पेटी जपतो. संघाची स्वतःची सभा असते आणि तीत सर्वांत लहान मुलालाही बोलता येते. संघनायक तेथील म्हणणे मानसभेपुढे नेतो. मानसभा म्हणजे सर्व संघनायकांची बैठक. पुढच्या सहलीला कोठे जावे, जमलेले पैसे कशावर खर्चावे, वारंवार नियम मोडणाऱ्याचे काय करावे, हे तेथे ठरते. स्काउटमास्तर तेथे सल्ला देतात, धोका दिसला तर अडवतात, एरवी ऐकतात. नव्या पालकाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे, की पथकाचा प्रमुख एक नाही. जबाबदारी वाटलेली आहे आणि प्रत्येक वाटेकऱ्याचा वाटा खरा आहे.

शिबिरात या पद्धतीची कसोटी लागते. भेटीच्या दिवशी पालक येतात. चुलीवर भाताचे पातेले असते, लाकडे ओली असतात, करपल्याचा वास सुटलेला असतो. “सर, पोरांना जरा सांगा ना, भात लागतोय,” असे कोणीतरी म्हणतेच. “आज सांगितले तर आजचा भात वाचेल, पण उद्याचा पुन्हा लागेल,” असे स्काउटमास्तरांचे उत्तर असते. त्या रात्री सात मुले करपलेला भात खातात. नंतर संघनायक त्यांना घेऊन बसतो. लाकडे झाकून का ठेवली नाहीत, पाणी कोणी मोजले, यावर वाद होतो. दुसऱ्या दिवशी लाकडे झाकलेली असतात. हा धडा कोणत्याही व्याख्यानाने मिळाला नसता. एका जेवणाची किंमत त्यासाठी महाग नव्हे.

परंतु येथे मर्यादेची रेषा स्पष्ट आखली पाहिजे. करपलेला भात आणि खोल पाणी या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पोहणे, आग, औषधे, प्रवास यांची जबाबदारी प्रौढांचीच असते आणि ती कोणत्याही मुलावर ढकलता येत नाही. संघनायकाला मारण्याचा, अपमान करण्याचा, उपाशी ठेवण्याचा अधिकार नसतो. मोठ्या मुलांनी लहानांना छळणे म्हणजे नेतृत्व नव्हे; तेथे स्काउटमास्तरांनी कडेला उभे राहणे हा गुन्हाच ठरेल. एकटा प्रौढ आणि एकटे मूल बंद खोलीत किंवा तंबूत असू नये, हा संकेत आज पथकांनी कसोशीने पाळला पाहिजे. शिबिराला बरोबर कोण जाणार, पाण्याजवळ कोण थांबणार, जवळचा दवाखाना कोठे आहे, हे विचारण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे. ते प्रश्न ऐकून जो स्काउटमास्तर रागावतो, त्याच्याविषयी सावध राहावे.

आणखी एक अवघड जागा आहे. एखाद्या संघाचा नायक शिपायाचा मुलगा असतो आणि साहेबांचा मुलगा त्याच्या हाताखाली भांडी घासतो. “आमच्या मुलाला नायक का केले नाही?” अशी तक्रार घेऊन पालक येतात, कधी तक्रारीचे खरे कारण जात असते, कधी पैसा, आणि ते कधीच उघड बोलले जात नाही. अशा वेळी स्काउटमास्तर नमले, तर पथक त्याच दिवशी संपले असे समजावे. मुलांनी आपला नायक त्याचे काम पाहून मानलेला असतो. साहेबांच्या मुलाला पुढे हुकूम करण्याच्या संधी पुष्कळ मिळतील. बरोबरीच्या मुलाचे न्याय्य म्हणणे मानण्याची संधी कदाचित येथेच मिळेल.

ज्याचा मुलगा नायक झाला, त्या पालकाची परीक्षा आणखी कठीण असते. हिशेब चुकला, की बाप रात्री वही ओढून घेतो आणि स्वतःच्या अक्षरात बेरीज करून देतो. त्यामुळे वही शुद्ध होते, पण मुलगा संघापुढे लहान होतो. त्यापेक्षा “कोणत्या ओळीपासून फरक पडला?” एवढे विचारून थांबावे. एखादा नायक काही महिने चाचपडतो. एखाद्याला ते काम जमत नाही आणि मानसभेत बोलून ते दुसऱ्याकडे जाते. त्यात नाचक्की मानू नये. चौदाव्या वर्षी आलेले अपयश स्वस्त असते. तेच चाळिसाव्या वर्षी आले, तर इतरांनाही भोवते.

मग पालकाने करायचे तरी काय? शाळेबाहेरच्या खुल्या गटांत समितीला हातांची गरज असते. तंबूंना जागा मिळवणे, वाहनाची सोय पाहणे, निधी जमवणे ही प्रौढांची कामे आहेत. डॉक्टर, सुतार, पोस्टातील कर्मचारी, शेतकरी यांनी मुलांनी बोलावल्यास आपली विद्या शिकवावी आणि शिकवून झाल्यावर बाजूला व्हावे.

ज्या पालकाला याहून पुढे जाऊन स्वतः स्काउटमास्तर व्हावेसे वाटते, त्याच्यासाठीही वाट आहे. प्रौढ नेत्यांचे शिक्षण १९१९ साली इंग्लंडातील गिलवेल पार्क येथे सुरू झाले. भारतातील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. या शिक्षणाची रीत मोठी बोलकी आहे. शिकणाऱ्या प्रौढांचेच संघ पाडतात आणि त्यांना मुलांप्रमाणे तंबूत राहावे, स्वयंपाक करावा लागतो. कचेरीत पन्नास जणांवर अधिकार गाजवणारा गृहस्थ तेथे आपल्याहून तरुण नायकाच्या सांगण्यावरून चूल पेटवतो आणि धुराने डोळे चोळतो. आपले कोणी ऐकून घेतले तर कसे वाटते आणि घेतले नाही तर कसे वाटते, हे त्याला पुष्कळ वर्षांनी पुन्हा कळते.

एवढे कळलेला माणूस मुलांच्या हातून काम काढून घेत नाही. पालकाला पथकाकडून शिकायचे आहे ते एवढेच : मुलाला सांभाळण्याइतके जवळ राहावे आणि त्याला वाढू देण्याइतके दूर. हे अंतर रोज थोडे बदलते, आणि ते ओळखणे यालाच प्रौढांचे नेतृत्व म्हणतात.