सोफा पुसण्याआधी लेबल वाचा

मागच्या पावसाळ्यात भाड्याच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर माझ्या हातून चहा सांडला. घाबरून मी ओल्या फडक्याने खसाखसा घासलं. डाग गेला नाहीच, वर पाण्याचा मोठा गोल उमटला.

सोफा साफ करणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी आधी गादीखालचं लेबल बघितलं. त्यावर ‘एस’ होतं, म्हणजे पाणी नाही, फक्त सॉल्व्हेंट. ‘डब्ल्यू’ला पाण्याचं क्लीनर चालतं, ‘डब्ल्यूएस’ला दोन्ही, ‘एक्स’ला फक्त व्हॅक्यूम.

काही सांडलं तर घासू नका, कोरड्या सुती कापडाने टिपा. क्लीनर आधी मागच्या बाजूला थोडं लावून बघा.

माझ्या डिपॉझिटमधून शेवटी २,००० रुपये कापलेच. तुमचे वाचू देत. आत्ताच गादी उचला, लेबलचा फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!