रुपयाचे दोन हिशेब



पैशावर बोलण्यासाठी चालकांनी माझीच निवड का केली, याचा मी पुष्कळ विचार केला. ज्याच्याजवळ पैसा आहे तो त्याविषयी चारचौघांत बोलत नाही, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला दुसरा विषय सुचत नाही, एवढेच कारण मला सापडले. वसंत व्याख्यानमालेची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानडे यांनी ती १८७५ साली पुण्यात सुरू केली, आणि ते स्वतः अर्थशास्त्राचे थोर जाणकार. मी तर शाळा अर्धवट सोडलेला मनुष्य. माझे अर्थशास्त्र मी दोन ठिकाणी शिकलो. एक, गिरणगावातल्या चाळीतले आमचे स्वयंपाकघर. दुसरे, युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट. पहिल्या शाळेतली मास्तरीण फार कडक होती. ती माझी आई.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. पगार रोख मिळे. पाकीट आईच्या हाती देताना ते कधीकधी छाती काढून म्हणत, "या महिन्याला अठरा रुपये जास्त आलेत." आई नोटा मोजत नसे. ती विचारी, "अहो, पण ह्यात रॉकेल किती येतं?" रॉकेल, तांदूळ, गोडेतेल, नारळ आणि खोलीचे भाडे, ही तिची पाच मापे. बोटांवर हिशेब करून ती निकाल देई, "म्हणजे होतो तिथंच आहोत." वडिलांची छाती पुन्हा जागेवर येई.

मंडळी, रुपयाचे दोन हिशेब असतात. एक, रुपये किती आले. दुसरा, त्यांत काय आले. वडील पहिला हिशेब करीत, आई दुसरा. पगार पहिल्या हिशेबाने ठरतो आणि संसार दुसऱ्याने चालतो. सारा घोटाळा या दोहोंच्या मधल्या जागेत होतो. महागाई भत्त्यालाच पगारवाढ समजणारे लोक मला अजून भेटतात. पावसात छत्री मिळाली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, फार तर कोरडा राहतो. शिवाय आमची छत्री बहुधा सर येऊन गेल्यावर मिळते!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरी पाकीट येणे थांबले. मी तेरा वर्षांचा होतो. शाळा सुटली ती तेव्हाच. घर चालले ते वाण्याच्या उधारीच्या वहीवर. पुढे १९८८ साली मी कारखान्यात लागलो, तेव्हा आईने ती बाकी फेडायला घेतली. शेवटचा हप्ता दिला तेव्हा वाण्याने वहीवर रेघ ओढली आणि हसून म्हणाला, "बाई, तुमचा रुपया पुरा आला. पण त्यातलं तेल वाटेत सांडलं." त्या क्षणी मला कळले, की महागाई केवळ कामगाराला लुटत नाही, ज्याने विश्वासाने उधार दिले त्यालाही ती लुटते. आई काही बोलली नाही. त्या दिवाळीला तिने वाण्याच्या घरी फराळाचा डबा आणि दोन नारळ पाठवले. कोणी त्याला व्याज म्हणेल. मी त्याला महागाई भत्ता म्हणतो.

आता हा दुसरा हिशेब करायचा कसा? गेल्या वर्षीच एका वाटाघाटीत कंपनीचे साहेब मला म्हणाले, "तुम्ही १९८८ साली लागलात तेव्हा पगार किती होता?" मी म्हटले, साडेचारशे. "वडापाव केवढ्याला होता?" एक रुपयाला. "म्हणजे महिन्याला साडेचारशे वडापाव. आज आमच्या कंत्राटी कामगाराला पंधरा हजार मिळतात, वडापाव वीस रुपयांना. म्हणजे साडेसातशे! तीनशे वडापावांनी तुम्ही वर आहात." गणित चोख होते. मी म्हटले, "साहेब, मान्य. पण कामगार वडापावात राहत नाही." मग मी माझे गणित मांडले. १९८८ साली कळव्याच्या चाळीतली माझी खोली साठ रुपये भाड्याची, म्हणजे पगाराच्या सातव्या हिश्शाहून कमी. आज तसल्याच खोलीला साडेपाच हजार, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. साहेबांचेही गणित खरे, माझेही खरे. मग भांडण कसले? भांडण टोपलीचे. हिशेबाच्या टोपलीत काय घालायचे, हे जो ठरवतो तो निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

ही टोपली म्हणजे काही माझी कविकल्पना नव्हे. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक असतो आणि केंद्र सरकारचा लेबर ब्युरो तो काढतो. कामगारांची घरे कशावर किती खर्च करतात ते पाहायचे, त्या प्रमाणात एक टोपली भरायची आणि दर महिन्याला तिची किंमत काढायची. आईची पाच मापे, तीच रीत, फक्त सरकारी. पण टोपली शिळी होते. २००१ सालची टोपली २०२० सालापर्यंत वापरात होती. मग २०१६ हे पायाचे वर्ष धरून नवी भरली. जुनीत खाण्यापिण्याला शंभरातले सुमारे ४६ भाग होते, नवीत ३९ झाले. किरकोळ म्हणून जो गट आहे, त्याचे २३ चे ३० झाले. किरकोळ म्हणजे काय? मुलांची फी, दवापाणी, प्रवास! ज्यापायी बाप रात्र रात्र जागतो त्या खर्चाला सरकारी भाषेत किरकोळ म्हणतात. आणि ही सरासरी झाली. घर जितके गरीब तितका त्याचा खाण्यावरचा हिस्सा मोठा. म्हणून डाळ-कांदा भडकला की सगळ्यांचा निर्देशांक एकच चढतो, पण कंत्राटी कामगाराची चूल इतरांच्या आधी मंदावते.

टोपलीसाठी लढता येते, हेही सांगतो. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकावरून कामगारांनी रान उठवले. महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांची समिती नेमली, आणि निर्देशांक महागाई कमी दाखवतो हे कामगारांचे म्हणणे समितीने मुख्यतः मान्य केले. ज्या बायाबापड्यांना निर्देशांक हा शब्द उच्चारता येत नव्हता, त्यांनी पंडितांचा आकडा चुकीचा ठरवला. कारण बाजारात त्या जात होत्या, आकडा जात नव्हता!

डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ सालचा. तो मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. सगळा समजला असे म्हणणार नाही. पण एक मुद्दा पक्का समजला. रुपयाचा भाव उतरला की निर्यात करणाऱ्यांची चंगळ होते आणि तिला देशाचा फायदा म्हणतात. पण किमती चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणून तो फायदा मजुरांच्या ताटातून उचललेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. मला वाटले, हे तर आमच्या आईचेच म्हणणे, फक्त इंग्रजीत!

पैशाची रूपे किती बदलली पाहा. १९५७ साली आणे गेले, नवे पैसे आले. जीभ मात्र अजून सोळा आणे खरे बोलते. २०११ साली चार आण्याचे नाणे चलनातून गेले. २०१६ साली पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या, आणि आता भाजीवालीही पाटीशेजारी चौकोनी छाप लावून बसते. पगाराचे पाकीट गेले. फोन किणकिणतो आणि पगार येतो. दुसऱ्यांदा किणकिणतो आणि हप्ता जातो. वडील सांगत, पूर्वी पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटावर पठाण सावकार काठी घेऊन उभा असे. कामगार त्याला चुकवून मागच्या दाराने पळत. आता सावकार फोनात येऊन बसला आहे. पाच मिनिटांत कर्ज देतो, आणि त्याच्या घराला मागचे दार नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. घरात एक साधी वही ठेवा. पाच मापे तुमची तुम्ही निवडा आणि दर महिन्याला त्यांचे भाव लिहा. आमच्या युनियनमधल्या काही भगिनी हे करतात, आणि वाटाघाटीला जाताना त्यांच्या वह्या मी सोबत नेतो. साहेबांजवळ आकडे असतात, आमच्याजवळ भाव असतात. आणि कोणी तुम्हाला सांगू लागले की तुमचे उत्पन्न इतके वाढले, देशाचे तितके वाढले, तर वाद घालू नका. आनंद व्यक्त करा, त्यांना चहा पाजा आणि हळूच विचारा, "अहो, पण ह्यात काय येतं?"