खेळून झिजलेलं, जपून राहिलेलं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोते हो, जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या बाजाराचा न्याय मोठा गमतीचा आहे. पुण्यात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ नावाचं क्रिकेटचं संग्रहालय आहे. रोहन पाटे यांनी ते उभं केलं आणि 2012 मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथे नामवंत खेळाडूंच्या बॅटी मांडलेल्या आहेत. एखाद्या बॅटीवर चेंडूचे लाल डाग असतील, कडेचा टवका उडाला असेल, मुठीचं रबर झिजलं असेल, तर जमवणारा खूश होतो. ही बॅट खरोखरच मैदानात उतरली होती, याची ती साक्ष असते. आता त्याच खेळाडूचं चित्र असलेलं पुठ्ठ्याचं छोटं कार्ड घ्या. त्याचा नुसता एक कोपरा दुमडलेला असला, तरी तोच माणूस नाक मुरडतो.

असं का? बॅट झिजली ती खेळाडूच्या हातून. कार्ड झिजलं ते कुठल्या तरी पोराच्या हातून. आणि पोराच्या हाताला बाजारात भाव नाही.

ही कार्डं आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. ती चेमटू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा येईल. अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू आले, इंग्लंडमध्ये क्रिकेटपटू आले. पुढे सिगारेटच्या जागी च्युइंगम आला आणि कार्ड थेट मुलांच्या खिशात गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळत. त्याच सुमारास ‘ट्रम्प कार्ड’ नावाचे गठ्ठे आले. कार्डावर खेळाडूचे सामने, धावा, बळी छापलेले. एकाने आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड जिंकायचं. त्याआधीच्या, म्हणजे माझ्या पिढीने काडीपेटीचे छाप जमवले. जमिनीवर रिंगण आखायचं, छाप मधे ठेवायचे आणि दगडाने ते बाहेर उडवायचे. असल्या खेळात कागद कोरा राहील कसा?

आता जमवणारे नेमकं काय बघतात, ते ऐका. अमेरिकेत 1991 पासून पीएसए नावाची कंपनी कार्डांना एक ते दहा असे गुण देते. अशा आणखीही कंपन्या आहेत. त्यांचे लोक भिंगाखाली आणि तिरप्या उजेडात मुख्यतः चार गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट कोपरे. चारही कोपरे टोकदार हवेत. टोक जरासं गोल झालं, पुठ्ठ्याचे पदर सुटले, की गुण गेले. दुसरी गोष्ट कडा. कड खरवडली, की रंगाखालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. गडद रंगाच्या कार्डावर तर तो लांबूनही ओळखू येतो. तिसरी गोष्ट पृष्ठभाग. ओरखडा, घडी, शाईचा ठिपका, बोटांचा तेलकट डाग आणि जुन्या कार्डांच्या पाठीवर तर च्युइंगमचाही डाग. चौथी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. ती म्हणजे चित्राभोवतीचा समास. तो डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सारखा हवा. कारखान्यात कापताना पातं किंचित सरकलं, तर ते कार्ड जन्मतःच उणं. पुढे त्याला हात न लावता कितीही जपा, सरकलेला समास सरळ होत नाही.

याने किमतीत किती फरक पडतो? टॉप्स या कंपनीने 1952 मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड काढलं होतं. त्याची एक अत्यंत नितळ प्रत ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे शंभर कोटी रुपये. तिला दहापैकी साडेनऊ गुण होते. 1991 मध्ये हीच प्रत पन्नास हजार डॉलरला विकली गेली होती. गंमत बघा, या मालिकेची उरलेली कार्डं कुणी घेईना, म्हणून 1960 मध्ये कंपनीने ती समुद्रात नेऊन बुडवली, असं कंपनीचेच साय बर्गर सांगत. हजारो पोरांनी उरलेली कार्डं सायकलीच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली. नितळ राहिली ती बोटावर मोजण्याइतकी.

मात्र दुर्मीळपणा कधीकधी अवस्थेवरही मात करतो. होनस वॅग्नर या खेळाडूचं 1909 ते 1911 या काळातल्या मालिकेतलं कार्ड जगात साठेकच उरलं असावं. त्याची दहात जेमतेम दोन गुण मिळालेली एक प्रत 2022 मध्येच साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. पण याच कार्डाच्या दुसऱ्या एका प्रतीची कथा अधिक बोलकी आहे. ती प्रत फार देखणी होती. पीएसएने गुण दिलेलं ते पहिलंच कार्ड, आणि त्याला आठ गुण मिळाले. ती विकत घेणाऱ्यांत आइस हॉकीचा थोर खेळाडू वेन ग्रेट्झ्की होता. पुढे 2007 मध्ये ती अठ्ठावीस लाख डॉलरला गेली. आणि 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या झिजलेल्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. त्याला शिक्षा झाली. म्हणजे ज्या टोकदार कोपऱ्यांवर जग भाळलं, ते कोपरे कात्रीचे होते.

म्हणून जाणता संग्राहक सुंदर कार्ड पाहून हुरळत नाही. तो आधी पट्टी लावून लांबी-रुंदी मोजतो. झिजलेलं चालेल, पण दुरुस्त करून कोरं दाखवलेलं चालणार नाही, हा त्या जगाचा पहिला दंडक आहे. आपल्याकडे जुनी नाणी चिंचेने नाहीतर पितांबरीने घासून चकचकीत करतात. नाणं जमवणारा ते पाहून कपाळाला हात लावतो. शतकभराचा जो रंग धातूवर चढला होता, तोच आपण धुऊन टाकलेला असतो.

आता आपल्या बीड जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. माजलगावला माझे एक स्नेही आहेत, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. शाळेत असताना त्यांनी ट्रम्प कार्डं जमवली, जिंकली, हरली. त्यांच्याकडे आज त्या कार्डांचे दोन गठ्ठे आहेत. एक त्यांचा स्वतःचा. तो पाहवत नाही. कोपरे गोल, कपिलदेवच्या गालावर घडी, एका कार्डाच्या पाठीवर खूण म्हणून केलेलं भोक. दुसरा गठ्ठा मात्र कालच फोडल्यासारखा आहे.

तो दुसरा गठ्ठा त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. आपल्याकडे दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि पोरंसोरं घेऊन माणसं कारखान्यांकडे निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या साली जाताना त्या मुलाने नवा घेतलेला गठ्ठा आपल्या मित्राच्या हातात दिला. कोपीत भिजेल, म्हणाला, पाडव्याला आल्यावर घेतो. पाडवा आला, मुलगा शाळेत आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. गठ्ठा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, झाकण लावून, तसाच राहिला.

मध्यंतरी कार्डं जमवणाऱ्या एका गृहस्थाने या गठ्ठ्याचे फोटो मागवले. प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे जवळून दाखवा म्हणाला. फोटो पाहून त्याने जी किंमत सांगितली, त्यात स्नेह्यांच्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघालं असतं. लॉकडाऊननंतर दुकानाची ओढाताण चाललेली. ते नाही म्हणाले. मी विचारलं, का हो? ते म्हणाले, “भाईजान, हा गठ्ठा माझा असता तर एवढा चांगला राहिला असता का? मी खेळलोच असतो की.”

श्रोते हो, मला हे वाक्य फार दिवस पुरलं आहे. आमच्या घरात अमानत हा शब्द रोजच्या बोलण्यातला. दुसऱ्याची ठेव, जिला आपण राखायचं पण वापरायचं नाही. त्या कार्डांचे कोपरे टोकदार राहिले ते या एका शब्दामुळे. गिऱ्हाइकाला कोपरे दिसले, त्यामागचं कारण त्याला फोटोत दिसणार नव्हतं. माझे स्नेही अजून त्या मुलाचा शोध घेतात. मुलगा कसला, आता चाळिशीचा बाप्या असेल. कुणी कराडकडे सांगतं, कुणी सांगलीकडे. हंगाम संपून माणसं गावी परतली, की हे त्याच्या तांड्यावर एक चक्कर मारून येतात.

तुमच्याही घरात असं काही असेल. कार्डं असतील, तिकिटं असतील, वर्तमानपत्रातली कात्रणं असतील. आपल्या मातीतला संजय बांगर 2002 मध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्लेला सलामीला उतरला आणि ढगाळ हवेत 68 धावांची चिवट खेळी करून गेला. भारताने तो सामना डावाने जिंकला. बीडचाच सचिन धस 6 फेब्रुवारी 2024 रोजी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा काढून गेला. दुसऱ्या दिवशीचा पेपर कुणीतरी नक्की ठेवला असेल. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे सातबाऱ्यापासून सनदेपर्यंत जे हाती येईल ते लॅमिनेट करायची हौस आहे. पण उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि जमवणाऱ्याच्या लेखी ती वस्तू संपते. रबरबँड लावू नका. तो कडांना चरे पाडतो आणि आपल्या मे महिन्यात वितळून कागदालाच चिकटतो. चिकटपट्टी, डिंक आणि टाचणी टाळा. पट्टीचा डाग पिवळा पडतो, टाचणी गंजते. मऊ, वास मारणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. त्यातला तेलकटपणा काही वर्षांनी शाईला धरतो. हात धुऊन, कोरडे करून वस्तू कडेला धरा. कोरड्या जागी, उन्हापासून आणि वाळवीपासून दूर ठेवा. कात्रण असेल तर शक्यतो पूर्ण पान ठेवा, म्हणजे तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव सोबत राहतं.

आणि घरात लहान मूल असेल, तर त्याला मात्र खेळू द्या. त्याच्या कार्डाचे कोपरे गोल होतील, होऊ द्या. एखादं कार्ड बाजूला काढून ठेवावंसं वाटलं, तर पाकिटावर एवढं लिहून ठेवा: हे कुणाचं, कुणी दिलं, कोणत्या साली. उद्या कुणी ते परत मागायला आलं, तर कोणाच्या हातात द्यायचं ते कळलं पाहिजे.