नावांची दोन पुस्तके



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करणे आपले कर्तव्यच होय. त्यासाठी आम्ही धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पुन्हा उघडल्या. बालक, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता यांची नावे, याहून अधिक तेथे फारसे नाही. तथापि नावाशेजारी नाव आले की कोणते घर कोणत्या घराशी जोडलेले होते, हे आपोआप दिसू लागते. तेव्हा मध्ययुगातील दोन पुस्तके आम्हांस आठवली. त्यांविषयीच आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

पहिले पुस्तक राइखेनाऊ मठाचे. जर्मनीच्या दक्षिण सीमेवर कॉन्स्टन्स सरोवरातील बेटावर इ. स. ७२४ मध्ये संत पिर्मिन यांनी हा मठ स्थापिला. पुढे शंभर वर्षांनी, ८२४ च्या सुमारास, तेथील संन्याशांनी एक 'बंधुत्वाचे पुस्तक' लिहावयास घेतले. पन्नासांहून अधिक मठांशी त्यांचा परस्परांसाठी प्रार्थना करण्याचा करार होता. त्या मठांतील जिवंत व मृत बंधूंची, तसेच राजेरजवाड्यांची व उपकारकर्त्यांची नावे त्यात येत गेली. ती आज सुमारे ३८,००० भरतात. एकच नाव निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले असते. अशी नावे ताडून पाहण्याच्या कामी कार्ल श्मिड व त्यांचे सहकारी यांनी संगणकाचे साहाय्य घेतले, आणि १९७९ साली या पुस्तकाची शोधपूर्ण आवृत्ती निघाली. एकत्र लिहिलेल्या नावांवरून कोण कोणाचे आप्त व कोण कोणाचे मित्र, याचा माग लागू लागला.

दुसरे पुस्तक दक्षिण फ्रान्समधील पामिये येथील बिशप जाक फुर्निये यांचे. हेच पुढे १३३४ साली पोप बारावे बेनेडिक्ट झाले. काथार आदी पाखंडी पंथांच्या चौकशीसाठी त्यांनी १३१८ ते १३२५ या काळात ५७८ वेळा जबान्या घेतल्या. माँतायू नावाच्या अडीचशे वस्तीच्या डोंगरी गावात कोण कोणाच्या चुलीपाशी बसला, कोणी कोणाला आसरा दिला, सारे त्यात आहे. या चौकशीअंती पाच जणांना जिवंत जाळण्यात आले. त्या गावचा धर्मगुरू पिएर क्लेर्ग आपल्या माणसांना पाठीशी घाली आणि वैऱ्यांना चौकशीवाल्यांच्या हाती देई. शेवटी तोही तुरुंगातच मेला. आम्हीही धर्मगुरूच, हे वाचताना आमची मान खाली जाते.

अशा जबान्यांचा अभ्यास झेकियातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठात चालला आहे. कोण कोणास कोठे भेटला आणि हे कोणी सांगितले, असे एकेक वाक्य फोडून ते संगणकात भरतात. मग प्रत्येक मनुष्य म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक संबंध म्हणजे एक रेघ, असे जाळे पडद्यावर उभे राहते. ज्यांची नावे कोणत्याही इतिहासात आली नसती, अशा मेंढपाळांना व विधवांना त्यात जागा मिळते. हे उपकार थोडे नव्हेत.

परंतु बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात धरावी. प्रार्थनेसाठी लिहिलेले नाव आणि भयाने उच्चारलेले नाव, दोहोंची रेघ यंत्र सारखीच ओढते. त्या रेघेचा अर्थ माणसानेच सांगावा लागतो. म्हणूनच ब्रनोचे विद्वान केवळ संबंध न टिपता तो कोणाच्या तोंडून आला, हेही टिपतात. राइखेनाऊचे पुस्तक आणि पामियेचे पुस्तक, दोन्ही ख्रिस्तसभेच्याच सेवकांनी लिहिली. एकात शेजाऱ्याचे नाव परमेश्वरापुढे ठेवले, दुसऱ्यात न्यायासनापुढे.

या पन्नास वर्षांत आपल्याही धर्मग्रामात नावे दोन्ही प्रकारे घेतली गेली. कधी आजाऱ्याच्या उशाशी, कधी भांडणाच्या ओट्यावर. आमच्याही जिभेकडून चुका झाल्या. त्यांची क्षमा आम्ही आज आपणांपाशी मागतो. पुढे कोणी आपल्या नोंदवह्याही यंत्रात घालील आणि आपल्या घरांमध्ये रेघा ओढील. त्या रेघा प्रार्थनेच्या होत्या, असे सांगावयास त्यास आधार मिळावा, असे आपण वागू या. आज मिस्साबलिदानात आपण मृतांची नावे घेऊ, तेव्हा ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याचेही एक नाव प्रत्येकाने मनात घ्यावे.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो. आमेन.